डर्ट बाइक चालवण्याचे कायदे व दंड (ठाणे आणि नवी मुंबई)

डर्ट बाइक म्हणजे पक्का रस्ता सोडून माती, चिखल, दगडगोटे आणि डोंगरउतारावर चालवण्यासाठी बनवलेली हलकी मोटारसायकल. चाकं अरुंद आणि उंच, टायरला जाड गुटके, शॉकअप लांब, सीट सपाट. शर्यतीसाठीच्या गाडीला हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, हॉर्न, साडीगार्ड यांतलं बहुतेक काही नसतं. नंबरप्लेट लावायला जागाही ठेवलेली नसते. भारतात या गाड्यांसाठी स्वतंत्र कायदा नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, वन्यजीव व पर्यावरणाचे कायदे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता असे अनेक कायदे एकाच फेरफटक्याला लागू होऊ शकतात. त्यातला कोणता लागू होणार, हे मुख्यतः गाडी कोणत्या जमिनीवर होती यावर ठरतं. ठाणे-नवी मुंबईत हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण इथे मोकळा दिसणारा माळ, डोंगर किंवा खाडीकाठ बेवारस नसतो.

नोंदणी होणाऱ्या आणि न होणाऱ्या गाड्या

बाजारात दोन प्रकार मिळतात. हीरो एक्सपल्स किंवा रॉयल एनफील्ड हिमालयन यांसारख्या गाड्या कच्च्या वाटेवर चालतात आणि रस्त्यावरही कायदेशीर असतात. त्यांना आरसे, दिवे आणि पीयूसी असते. ठाण्यात एमएच-०४ किंवा वाशीच्या आरटीओत एमएच-४३ क्रमांक मिळतो. कावासाकी केएक्स मालिकेसारख्या गाड्या फक्त स्पर्धेच्या ट्रॅकसाठी विकल्या जातात. त्यांची आरटीओत नोंदणी होत नाही.

‘वरून दिवे आणि आरसे बसवून घेऊ, मग पासिंग होईल’ हा गैरसमज गॅरेजांमध्ये फार पसरलेला आहे. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मॉडेलचा नमुना उत्पादकाने आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ब्रेक, धूर, आवाज, दिवे या सगळ्यांची मंजुरी त्या नमुन्याला मिळते. मालकाने घरी बसवलेल्या दिव्याने ती मिळत नाही. दुसऱ्या गाडीचा क्रमांक लावून फिरणं तर थेट फसवणूक आणि बनावटीच्या गुन्ह्यांकडे नेतं.

लहान मुलांसाठी आणल्या जाणाऱ्या ४९ सीसीच्या छोट्या गाड्यांबद्दलही असाच घोळ आहे. अधिनियमाच्या कलम २(२८) मधून चारपेक्षा कमी चाकांचं आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन वगळलं आहे. तसंच फक्त कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवाराच्या आत वापरण्यासाठी बनवलेलं खास वाहनही वगळलं आहे. ४९ सीसीची गाडी पहिल्या सवलतीत बसत नाही, आणि सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली की दुसरीचाही आधार राहत नाही. विजेच्या गाडीला मोटारची क्षमता २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच नियमांतून सूट आहे. डोंगर चढणारी इलेक्ट्रिक डर्ट बाइक या मर्यादेच्या कितीतरी पुढची असते.

सार्वजनिक जागेवरचे दंड

कायद्यातली ‘सार्वजनिक जागा’ डांबरी रस्त्यापुरती नाही. जिथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा त्यात येते, मग ती पायवाट असो वा मैदान. गॅरेजपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर तर निर्विवाद त्यातच मोडतात.

विनानोंदणी गाडी चालवल्यास कलम १९२ खाली पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० ते १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. लायसन्स नसल्यास कलम १८१ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हेल्मेट नसल्यास कलम १९४ड खाली १,००० रुपये आणि तीन महिने लायसन्स अपात्र. हेल्मेटही भारतीय मानकाचं लागतं. मूळ सायलेन्सर काढून कर्कश नळी लावली आणि आवाजाची मर्यादा ओलांडली, तर कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागेत शर्यत लावणं किंवा तीत भाग घेणं कलम १८९ मध्ये येतं: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, नंतर एक वर्ष किंवा १०,००० रुपयांपर्यंत. रात्रीच्या शर्यतींमुळे बदनाम झालेला नवी मुंबईतला पाम बीच रस्ता याच कलमाच्या टप्प्यात येतो.

हे कायद्यातले आकडे आहेत. यांतल्या ज्या गुन्ह्यांत तडजोड चालते, म्हणजे खटल्याऐवजी ठरावीक रक्कम भरून प्रकरण मिटवता येतं, तिथे जागेवर किंवा ई-चलानने किती भरायचे, ते राज्य सरकार अधिसूचनेने ठरवतं. चलान भरलं म्हणजे गाडी परत मिळते असंही नाही. नोंदणी नसलेली गाडी कलम २०७ खाली ताब्यात घेता येते, आणि सोडवताना मालकीची कागदपत्रं दाखवावी लागतात. हातोहात विकत घेतलेल्या जुन्या डर्ट बाइकचं बिलच नसतं, तेव्हा चासी क्रमांक दाखवून ‘ही माझीच’ हे सिद्ध करणं जड जातं.

अल्पवयीन चालक

सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर लायसन्स काढून ५० सीसीपर्यंतची गाडी चालवता येते, त्यापुढच्या गाडीला अठरा वर्षं लागतात. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार पालक किंवा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्या नकळत किंवा आपण काळजी घेऊनही हे घडलं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते. वाढदिवसाची भेट म्हणून गाडी आणून देणाऱ्या बापाला तसं म्हणायला जागाच उरत नाही.

विमा आणि भरपाई

दंडाच्या आकड्यांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, खरा धोका मात्र इथे आहे. विमा नसल्यास कलम १९६ खाली दंड फक्त २,००० रुपये आहे (दुसऱ्यांदा ४,०००), तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण नोंदणी नसलेल्या गाडीचा रस्त्यावरचा तृतीय पक्ष विमा (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा) उतरवता येत नाही. अशा गाडीने सकाळी फिरायला निघालेल्या कुणाला धडक दिली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई चालक आणि मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची. कमावत्या माणसाच्या मृत्यूत ही रक्कम सहज लाखांत जाते. त्याखेरीज न्याय संहितेच्या कलम २८१ खाली बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत, आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

डोंगर, जंगल आणि खाडी

ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतात. तिथे परवानगीशिवाय प्रवेश हाच वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा भंग आहे. गाडी नोंदणीकृत आहे की नाही हा प्रश्न तिथे गौण ठरतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५१ मधली सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी आहे. गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं वाहन सरकारजमा करण्याची तरतूद कलम ३९ मध्ये आहे. गावापर्यंतचा रस्ता खुला आहे म्हणून त्याला फुटणारी प्रत्येक पायवाट खुली होत नाही. त्या पायवाटा पाड्यांवरच्या लोकांच्या रोजच्या वापराच्या आहेत, बिबट्यांच्याही आहेत. पहिल्या पावसात ओल्या उतारावरून गुटक्यांचं टायर गरगरा फिरलं की वरचा पालापाचोळा आणि मुळांची जाळी उखडून बोटभर खोल चर पडते. पुढच्या सरीचं पाणी त्याच चरीने धावतं, आणि श्रावण येईपर्यंत वाटेची घळ झालेली असते.

नवी मुंबईत पारसिक आणि खारघरच्या डोंगरांवर वन विभाग आणि सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) यांच्या हद्दी पाहिल्याशिवाय गाडी नेणं धोक्याचं आहे. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्यासारख्या जागी बंदी घातली जाते. असा आदेश मोडल्यास न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. जीविताला धोका झाल्यास एक वर्ष किंवा ५,००० रुपयांपर्यंत.

खाडीकाठचा सुकलेला, भेगाळलेला चिखल सपाट असल्याने अनेकांना मोह घालतो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये खारफुटीच्या नाशाला मनाई करून तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला. तिथे अभयारण्याचेच नियम लागतात. खारफुटीची नवी रोपं चिखलातून वीतभरच वर आलेली असतात, आणि हँडल धरलेल्या माणसाला ती दिसतही नाहीत.

कायदेशीर मार्ग

बंदिस्त खासगी आवारात, जमीनमालकाच्या संमतीने, बिगरनोंदणी डर्ट बाइक चालवता येते. ती तिथपर्यंत टेम्पोत किंवा ट्रेलरवर टाकून न्यावी लागते. इंजिन बंद ठेवून रस्त्याने ढकलत नेण्याची पळवाट पोलीस ठाण्यात टिकवून दाखवणं कठीण असतं. मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसच्या (मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींच्या) मान्यताप्राप्त स्पर्धा फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या राष्ट्रीय महासंघाच्या नियमांखाली होतात. त्यांत उतरायला महासंघाचा स्पर्धक परवाना लागतो, आणि तो रस्त्यावरच्या लायसन्सच्या जागी चालत नाही. आवाजाबद्दल शेजाऱ्यांची तक्रार आली, तर खासगी जागेतही ध्वनिप्रदूषण नियम २००० लागू होतात.