ऑफिसपासून लांब असताना लॅपटॉप पासवर्ड तपासतो कसा?

अंबड एमआयडीसीतल्या कंपनीचा लॅपटॉप पाथर्डी फाट्यावरच्या घरी नेला आणि वाय-फाय न लावताच चालू केला, तरी ऑफिसचा पासवर्ड टाकल्यावर तो उघडतो. पासवर्ड तपासणारा कंपनीचा सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, त्या वेळी त्याला दिसतही नसतो. निर्णय लॅपटॉप स्वतःच घेतो, तोही सर्व्हरशी शेवटचं बोलणं झालं तेव्हा करून ठेवलेल्या नोंदीवरून. ही नोंद आणि सर्व्हरवरचा खरा पासवर्ड यांची फारकत झाली की घरून काम करणारा माणूस अडकतो.

आधी ऑफिसात काय होतं ते पाहू. विंडोज २००० पासून कंपन्यांच्या नेटवर्कवर लॉगिनसाठी कर्बेरॉस ही पद्धत वापरली जाते. तिच्यात पासवर्ड तारेवरून जातच नाही. लॅपटॉप पासवर्डपासून एक किल्ली तयार करतो आणि त्या क्षणाची वेळ तिनं कुलूपबंद करून पाठवतो. कंट्रोलरकडे तीच किल्ली असते. वेळ उघडली आणि ती त्याच्या घड्याळाशी जुळली, तर तो तिकीट देतो. हे तिकीट साधारण १० तास चालतं आणि त्यावर फाइल सर्व्हर, प्रिंटर वगैरे दारं उघडतात.

लॉगिन यशस्वी झालं की लॅपटॉप पासवर्डचा एक गाळीव अंश डिस्कवर लिहून ठेवतो. पासवर्डमध्ये वापरकर्त्याचं नाव मिसळून तो एका गणिती प्रक्रियेतून १०,२४० वेळा फिरवला जातो. नाव मिसळल्यामुळे दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी अंश वेगळे निघतात. इतक्या फेऱ्या मुद्दाम ठेवल्या आहेत: लॅपटॉप चोरीला गेला, तर चोराला प्रत्येक अंदाजासाठी तेवढ्याच फेऱ्या मोजाव्या लागतात. पण ‘नाशिक१२३’ सारखा पासवर्ड असेल तर या फेऱ्याही फार काळ तग धरत नाहीत, म्हणून लांब पासवर्डाचा आग्रह धरायलाच हवा.

अशा किती नोंदी ठेवायच्या याचा मूळ आकडा १० असतो, आणि त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. घरून दहा वेळा लॉगिन केलं की लॅपटॉप बंद पडतो असं अनेक जण सांगतात. तसं नाही. हा आकडा वेगवेगळ्या माणसांचा आहे. तुम्ही एकटेच वापरत असाल तर नोंद वर्षभरानंतरही चालेल, तिला मुदत नाही. मात्र सातपूरच्या एखाद्या कारखान्यात तीन शिफ्टमध्ये फिरणाऱ्या लॅपटॉपवर अकरावा माणूस लॉगिन करतो, तेव्हा सर्वांत जुनी नोंद पुसली जाते. काही कंपन्या सुरक्षेसाठी हा आकडा १ किंवा २ करतात. ० केला तर नेटवर्कशिवाय कोणालाच आत जाता येत नाही.

आता नेहमीचं दुखणं. विंडोजच्या मूळ नियमानुसार पासवर्डची मुदत ४२ दिवसांची, बऱ्याच कंपन्या स्वतःची ठरवतात. लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कबाहेर असला की मुदत संपल्याचं त्याला कळत नाही, जुन्या पासवर्डवर तो मुकाट्यानं उघडत राहतो आणि एक दिवस व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित मार्ग) नकार देतं. मग हेल्पडेस्क फोनवर नवा पासवर्ड देतं, आणि इथून तुमचे दोन पासवर्ड सुरू होतात: लॅपटॉपला जुना ठाऊक, सर्व्हरला नवा.

यातून सुटण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. जुन्या पासवर्डनं लॅपटॉप उघडा. नव्यानं व्हीपीएन जोडा आणि ते खरोखर लागलं आहे ना, हे ऑफिसचं एखादं शेअर्ड फोल्डर उघडायचा प्रयत्न करून बघा. फोल्डरनं पासवर्ड मागितला तर नवा द्या. मग विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबून स्क्रीन लॉक करा आणि नव्या पासवर्डनं उघडा. त्या क्षणी लॅपटॉप व्हीपीएनमधून कंट्रोलरला विचारतो आणि नोंद बदलतो. लॉक करण्याआधीच रीस्टार्ट केलंत तर व्हीपीएन सुटेल आणि पुन्हा जुनाच पासवर्ड लागेल, म्हणून हे पूर्ण होईपर्यंत जुना विसरू नका. पासवर्ड देताना ‘पुढच्या लॉगिनला बदला’ ही खूण लावू नका, असंही हेल्पडेस्कला सांगा, कारण काही व्हीपीएनमध्ये असा बदल करताच येत नाही. मोबाइलवर ऑफिसचं ईमेल असेल तर तिथंही लगेच नवा पासवर्ड घाला. जुना घेऊन फोन पुन्हा पुन्हा दार ठोठावतो आणि खातंच कुलूपबंद होतं.

कोरा लॅपटॉप कुरिअरनं थेट घरी आला, तर तुमची नोंदच नसते. डोमेन (कंट्रोलरच्या हाताखालचं कंपनीचं नेटवर्क) उपलब्ध नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते, पासवर्ड बरोबर असूनही. अशा वेळी लॉगिनच्या स्क्रीनवरूनच व्हीपीएन लावता येईल अशी सोय आयटी विभागानं आधी करून द्यायला हवी. नाहीतर एकदा शाखेत नेऊन, शक्यतो केबल लावून, लॉगिन करावं. हॉटेलचं वाय-फाय इथं कामाचं नाही. त्याला आधी ब्राउझरमध्ये ओटीपी हवा असतो आणि लॉगिनच्या स्क्रीनवर ब्राउझर उघडलेला नसतो. मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा. लॅपटॉप क्लाउड खात्याला जोडलेला असेल तर हा प्रश्न येत नाही, कारण तिथं तपासणी साध्या इंटरनेटवरून होते.

आणखी एक क्षुल्लक पण हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे लॉगिनच्या स्क्रीनवर कीबोर्डची भाषा मराठी राहिलेली असणं. खालच्या कोपऱ्यातली खूण पाहा आणि डोळ्याचं चिन्ह दाबून टाइप केलेली अक्षरं वाचा.

व्हीपीएन लागलं, तरी फाइल सर्व्हर सापडत नाही? घरच्या राउटरचा पत्ता तपासा. खूप राउटर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर येतात. ऑफिसातही १९२.१६८.१ नं सुरू होणारे पत्ते असतील, तर लॅपटॉप सर्व्हरला तुमच्या घरातच शोधत बसतो. राउटरचा पत्ता १९२.१६८.५७.१ सारखा काही केला की गोंधळ मिटतो.

घड्याळाकडेही लक्ष हवं. कर्बेरॉस ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक सहन करत नाही. डोमेनमधला लॅपटॉप सहसा वेळ कंट्रोलरकडूनच घेतो, त्यामुळे लांब असताना त्याला दुरुस्त करणारं कोणी नसतं. त्याच्या घड्याळातला क्वार्ट्झ स्फटिक दहा लाखांत २० भागांनी चुकला तर दिवसाला १.७ सेकंद, म्हणजे ५ मिनिटांची चूक व्हायला जवळपास सहा महिने लागतात. एवढा काळ कोणी सहसा लांब राहत नाही. आतला घड्याळाचा सेल संपला असेल तर मात्र तारीखच काही वर्षं मागे जाते आणि व्हीपीएनचं प्रमाणपत्रसुद्धा अमान्य ठरतं.

लॅपटॉपचाही स्वतःचा एक पासवर्ड असतो आणि तो दर ३० दिवसांनी बदलतो. पण बदलण्याची सुरुवात लॅपटॉप करतो, तीही कंट्रोलर दिसला तरच, त्यामुळे लांबच्या रजेनं लॅपटॉप आणि कंट्रोलरचं नातं तुटत नाही. ते तुटतं जुनी बॅकअप प्रत परत चढवल्यावर, किंवा वापरात नाही म्हणून आयटीवाल्यांनी लॅपटॉपची नोंद काढून टाकल्यावर. रजा मोठी असेल तर त्यांना तसं लिहून कळवा आणि अधूनमधून व्हीपीएन लावून ठेवा.

विंडोज सुरू होण्याआधीच निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली, तर तो बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, आहे. इथं तुमचा पासवर्ड चालत नाही. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारा मूळ प्रोग्राम, अपडेट झाल्यावर असं होऊ शकतं. पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं हेल्पडेस्कला वाचून दाखवा. किल्ली सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत येते आणि प्रत्येक गटाला ११ नं नि:शेष भाग जातो. म्हणून फोनवर ऐकताना एक आकडा चुकला, तर नेमका कोणता गट चुकला ते तिथल्या तिथे कळतं आणि तेवढाच पुन्हा विचारून घ्यावा लागतो.