प्रिन्स ऑफ पर्शिया गेममालिका : सूर आणि कथनातील स्थित्यंतरे

प्राचीन इराणच्या कल्पित भूमीत घडणारी साहसी व्हिडिओ गेमची मालिका. धावणे, उड्या मारणे, सापळे चुकवणे आणि तलवारबाजी हा तिचा कायमचा गाभा. पहिला गेम १९८९ मध्ये आला. पुढचे सर्व गेम एकाच कथेचे भाग नाहीत. २००३, २००८ आणि २०२४ मध्ये मालिका अक्षरशः नव्याने सुरू झाली. तिच्या बदलत्या सुराचा माग बहुधा चित्रशैली, संगीत आणि नायकाची भाषा यांवरून काढला जातो. ते चूक नाही. मात्र खेळाडूचा अंदाज चुकून राजपुत्र मेला की गेम पुढे काय करतो, याकडे लक्ष दिल्यास ही स्थित्यंतरे अधिक नेमकी दिसतात. प्रस्तुत नोंदीत तोच निकष मुख्य धरला आहे.

मूळ गेम : जॉर्डन मेक्नर यांनी ॲपल २ संगणकासाठी तो जवळजवळ एकट्याने रचला आणि ब्रॉडरबंड कंपनीने प्रकाशित केला. काही सूच्यांत १९९० हे साल आढळते, ते बहुधा डॉस आवृत्तीचे असावे. कथा चार ओळींची आहे : वजीर जाफरने राजकन्येला एका तासाची मुदत दिली आहे आणि तळघरात कोंडलेल्या नायकाला तेवढ्यात तिच्यापर्यंत पोहोचायचे आहे. घड्याळ खरोखर ६० मिनिटांचे असते. मेल्यावर चालू टप्प्याच्या आरंभापासून खेळता येते, पण गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. मृत्यूवर कोणी भाष्य करीत नाही. मेक्नर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्याचे आणि उड्यांचे चित्रण करून त्यावरून एकेक चौकट उतरवून घेतली होती. हालचाल इतकी माणसासारखी झाल्यामुळे सुळ्यांवर पडणे किंवा पात्यांच्या जबड्यात दोन तुकडे होणे हे त्या काळच्या मानाने फार अंगावर येत असे. मालिकेत क्रौर्य २००४ मध्ये शिरले, असे जे म्हटले जाते, ते या कारणाने जपून घ्यावे लागते.

याच गेममधील नायकाचा प्रतिस्पर्धी म्हणजे त्याचाच छायापुरुष. त्याची उत्पत्ती वेगळ्याने सांगण्याजोगी आहे. आरंभीच्या आराखड्यात प्रतिस्पर्धी नव्हता, आणि नवे पात्र रेखाटायला संगणकाच्या स्मृतीत जागाही उरली नव्हती. मेक्नर यांची सहकारी टोमी पिअर्स हिने प्रतिस्पर्ध्याचा आग्रह धरला. तेव्हा नायकाचीच चित्रे एका बिटाने सरकवून स्वतःशी ‘एक्सक्लुझिव्ह ऑर’ केली गेली. या क्रियेत दोन्हीकडे सारखे असलेले बिंदू पुसले जातात आणि फरकाच्या कडा तेवढ्या उरतात. त्यामुळे पोकळ, लुकलुकणारी मानवाकृती मिळाली, तीही नव्या चित्रांचा भार न पडता. चौथ्या टप्प्यात नायक आरशातून उडी मारतो तेव्हा ही छाया त्याच्यापासून सुटते. पाचव्यात ती त्याचे औषध पिऊन टाकते, सहाव्यात त्याच्या तोंडावर दार पाडते. बाराव्या टप्प्यात तिच्यावर वार केला तर नायकाचाही जीव तेवढाच कमी होतो. उपाय एकच : तलवार म्यान करून सरळ तिच्या अंगावर चालत जाणे. दोघे एक झाले की समोरच्या मोकळ्या दरीवर पाऊल टाकावे लागते आणि पायांखाली फरशा उमटत जातात. एकही संवाद न वापरता सांगितलेली ही गोष्ट मालिकेतील कथनाचा पहिला खरा नमुना मानायला हरकत नाही.

दुसऱ्या भागात (१९९३) मुदत ७५ मिनिटांची झाली, चित्रे आणि निवेदन वाढले, सूर मात्र तोच राहिला. १९९९ चा त्रिमितीय गेम रेड ऑर्ब या ब्रॉडरबंडशी संबंधित विभागाने केला. कथनाच्या दृष्टीने त्याचा पुढच्या गेमवर प्रभाव दिसत नाही.

‘द सँड्स ऑफ टाइम’ : युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियाल स्टुडिओचा २००३ चा गेम. निर्माते यानिस मालाट, सर्जनशील दिग्दर्शक पॅट्रिस देझिले, कथालेखन मेक्नर यांचे. प्रकाशनाच्या तारखेबाबत एकवाक्यता नाही. ती यंत्र आणि प्रदेश यांनुसार बदलते, पण २००३ चा उत्तरार्ध नक्की.

हा गेम चौकटकथेवर उभा आहे. सुरुवातीला नेहमीचा मेनू समोर येत नाही. राजपुत्र रात्रीच्या वेळी एका सज्जात उभा असतो आणि पडद्याआड पाऊल टाकले की गोष्ट सुरू होते. तो ती भूतकाळात सांगत असतो आणि ऐकणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणतो, म्हणून खेळाडूला ते आपल्यालाच उद्देशून वाटते. शेवटी कळते की तो सज्जा एका महाराजांच्या कन्येचा, फराहचा आहे. काळ पूर्ण उलटल्यामुळे जिला त्यांची भेटच आठवत नाही, तिलाच हे सारे सांगणे चालू होते. नायक मेला की निवेदक स्वतःला अडवतो आणि असे घडलेच नव्हते, म्हणून गोष्ट मागून उचलतो. गेम मध्येच सोडायला गेल्यास गोष्ट पुरी होण्याआधीच मी निघून जावे का, असे विचारतो. इतर गेममध्ये मृत्यू कथेच्या बाहेर पडतो; येथे तो सांगणाऱ्याची जीभ घसरल्यासारखा कथेतच मुरतो.

जादुई खंजिराने काळ साधारण १० सेकंद मागे नेता येतो, ही याच विचाराची दुसरी बाजू. खंजिरातील काळाच्या जादुई वाळूचा साठा असेपर्यंत चूक उलटवता येते. साठा संपला की निवेदक मध्ये येतो. पडलेल्या शत्रूत खंजीर खुपसला तरच त्याची वाळू मिळते आणि तो कायमचा नाहीसा होतो, एरवी तो पुन्हा उठतो. म्हणजे लढाईत धोका पत्करल्याशिवाय उड्यांतील चुका माफ होत नाहीत.

काळ मागे नेण्याची तांत्रिक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. दृश्य फक्त उलटे दाखवून भागत नाही. त्या क्षणाची स्थिती खरोखर परत आणावी लागते. त्यासाठी प्रत्येक पात्राची जागा, दिशा, हालचालीची चालू चौकट, उरलेला जीव आणि हलत्या सापळ्यांची अवस्था ठरावीक अंतराने नोंदवून ठेवतात. नोंदींची जागा चक्राकार असते : ती भरली की सर्वांत जुनी नोंद पुसून तिथे नवी लिहिली जाते. प्लेस्टेशन २ ची मुख्य स्मृती अवघी ३२ मेगाबाइट होती आणि त्यात चित्रे, ध्वनी व महालाचा चालू भागही मावायचा होता. काही सेकंदांची मर्यादा अशा यंत्रावर अटळच ठरते, मग कथेने तिला वाळूच्या साठ्याचे रूप द्यावे किंवा न द्यावे. अडचण येते ती एकदाच घडणाऱ्या गोष्टींची. कोसळलेली जमीन, उघडलेले दार, सुरू झालेला संवाद, शत्रू येण्याची कळ यांपैकी एकाची जरी नोंद करायची राहून गेली, तरी नायक मागे जातो आणि जमीन कोसळलेलीच राहते. अशा वेळी खेळाडू कायमचा अडकतो. संवादाचा प्रश्न याहून नाजूक आहे. उलटवलेल्या क्षणी बोललेले वाक्य पुन्हा आले तर पात्र यंत्रासारखे वाटते; न आले तर खेळाडू त्याला मुकतो.

सूर हलका राहतो तो मुख्यतः राजपुत्र आणि फराह यांच्या कुरबुरीमुळे. ती भिंतीतल्या फटीतून जाऊन दारे उघडते आणि धनुष्याने मदत करते. तिच्या बाणांच्या वाटेत आल्यास बाण राजपुत्रालाही लागतो, आणि ती मेली तरी गेम संपतो. अखेरच्या प्रसंगात राजपुत्र तिचे चुंबन घेतो, तिला ते रुचत नाही, आणि तो तेवढे क्षण उलटवतो. संपूर्ण गेममध्ये जीव वाचवण्यासाठी न वापरलेला असा हा एकच उलटा काळ. युरी लोवेन्थाल यांचा किंचित आढ्यताखोर, हळूहळू मवाळ होणारा आवाज येथे फार उपयोगी पडला आहे.

२००४ चे वळण : ‘वॉरिअर विदिन’ २००४ च्या अखेरीस आला. नायकाचा आवाज बदलून रॉबिन ॲटकिन डाउन्स यांचा झाला. स्टुअर्ट चॅटवुड यांच्या सुरावटींत गिटारचा कर्कश भार वाढला आणि त्याला गॉडस्मॅक बँडच्या संगीताची जोड मिळाली. अमेरिकेतील ईएसआरबी मंडळाने आधीच्या गेमला किशोरांसाठीचे प्रमाणपत्र दिले होते. याला १७ वर्षांवरील प्रौढांसाठीचे मिळाले. शिरच्छेद आणि रक्त हे त्याचे मुख्य कारण. स्त्रीपात्रांचे तोकडे कपडे आणि कॅमेऱ्याचा त्यांच्यावरचा रोख यांवरही टीका झाली. मेक्नर या गेमच्या घडणीत नव्हते. कलादिग्दर्शन आणि हिंसा आपल्याला रुचली नसल्याचे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

हे वळण का घेतले गेले, याविषयी दोन मते आहेत. पहिल्यानुसार तो बाजाराचा दबाव होता : त्या वर्षांत उग्र, मारधाडीचे गेम चालत होते आणि आधीच्या गेमच्या लढाईबद्दल खेळाडूंची तक्रार होती. दुसऱ्यानुसार ते कथेचेच फलित होते : काळाशी छेडछाड करणाऱ्याला शिक्षा होणारच. रूपातले बदल पहिल्या मताने बरेचसे उलगडतात. गेमची रचना मात्र दुसऱ्या मताला अधिक पूरक दिसते. सात वर्षांनंतरच्या या कथेत दहाका नावाचा काळाचा रक्षक राजपुत्राचा पाठलाग करतो, कारण नियमाने तो केव्हाच मरायला हवा होता. आधी जी सवलत होती, तिचाच आता गुन्हा झाला. मेल्यावर सावरून घेणारा निवेदक नाही. दहाका मागे लागला की दृश्यातले रंग उडतात, आणि वाट बिनचूक पाठ नसेल तर काळ मागे नेऊनही फार फरक पडत नाही, कारण मधले अंतर तितकेच राहते. पाण्याचा पडदा ओलांडल्यावरच सुटका होते.

कथनातील खरी कारागिरी एका मुखवट्यात आहे. राजपुत्राला वाटेत एक अनोळखी वाळूचे भूत दिसत राहते आणि दहाका त्याला डोळ्यांदेखत ओढून नेतो. पुढे मुखवटा चढवून तो स्वतःच ते भूत होतो आणि तेच प्रसंग दुसऱ्या बाजूने खेळतो. या वेळी दहाकाने त्याच्याऐवजी ‘दुसऱ्या’ राजपुत्राला न्यावे, अशी व्यवस्था करायची असते. या रूपात जीव आपोआप झिरपत जातो आणि वाळू आपोआप भरते. दोन शेवटांपैकी पुढच्या कथेला धरून असलेला शेवट मिळवायचा तर लपवलेल्या नऊही जीववर्धक जागा शोधून पाण्याची तलवार मिळवावी लागते. वाळूच कधी निर्माण होऊ नये म्हणून राजपुत्र काळाच्या सम्राज्ञीला मारायला आलेला असतो, पण वाळू निर्माण होते ती तिच्या मृत्यूतूनच. ही सम्राज्ञी म्हणजे कैलीना. तिला मोनिका बेलुची यांचा आवाज आहे. इतकी गुंतागुंतीची कथा उग्र सजावटीखाली झाकली गेली, हे या गेमचे दुर्दैव.

‘द टू थ्रोन्स’ (२००५) हा दोन्ही सुरांना एकाच देहात बसवण्याचा प्रयत्न. लोवेन्थाल परतले, फराहही परतली. राजपुत्राच्या डोक्यात एक उपरोधिक आवाज बोलू लागतो आणि मधूनमधून तो काळ्या राजपुत्राचे रूप घेतो. या रूपात पात्यांची साखळी हाती येते, पण जीव सतत गळत राहतो. शत्रू मारून वाळू मिळवली तरच भरतो आणि पाण्याचा स्पर्श होताच मूळ रूप परत येते. घाई हा स्वभावदोष अशा रीतीने थेट हाताला जाणवतो. याउलट मूळ रूपात गुपचूप जवळ जाऊन खंजीर चमकेल त्याच क्षणी बटण दाबायचे असते. क्षण हुकला की डाव उलटून उघडी लढाई सुरू होते. निवेदन कैलीनाकडे आहे, आणि ती आरंभीच मारली जाते. शेवटची लढाई राजपुत्राच्या मनात होते आणि तिचा शेवट वाराने होत नाही : फराहच्या सांगण्यावरून तो काळ्या राजपुत्राकडे पाठ फिरवून निघून जातो. १९८९ च्या बाराव्या टप्प्याशी असलेले साम्य योगायोगाचे नसावे.

२००८ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ वेगळ्याच कथेचा. रेखाचित्रासारखी रंगसंगती, अहरिमन (दुष्ट देव) आणि ओर्मज्द (शुभ देव) यांचा झरथुष्ट्री संदर्भ, आणि राजपुत्र नसलेला एक भटका चोर नायक. (त्याच्या हरवलेल्या गाढवीचे नाव फराह, हा जुन्या खेळाडूंसाठी काढलेला चिमटा.) येथे नायक मरतच नाही, त्याची सोबतीण एलिका हात देऊन त्याला शेवटच्या भक्कम जमिनीवर आणते. गेम फार सोपा झाला, ही तक्रार अर्धीच खरी आहे. उड्यांत ही सोय चेकपॉइंटचेच काम करते, फक्त थांबा जवळचा असतो. लढाईत एलिकाला नायकाचा जीव वाचवावा लागला की शत्रूचा जीव पुन्हा भरतो. दोघांचे बरेचसे संभाषण खेळाडूने बटण दाबले तरच होते, आणि प्रदेश कोणत्याही क्रमाने घेता येत असल्यामुळे संवादांना एकमेकांवर चढत जाता येत नाही. मधला भाग म्हणूनच सपाट वाटतो. शेवट मात्र कठोर आहे. अहरिमनला कोंडण्यासाठी एलिका प्राण देते आणि तिला परत आणण्यासाठी झाडे तोडून, केलेले सारे काम खेळाडूलाच आपल्या हाताने उधळावे लागते. २००९ च्या उपसंहारानंतर ही कथा पुढे गेली नाही.

‘द फरगॉटन सँड्स’ (२०१०) हा २००३ आणि २००४ च्या गेमांमधील सात वर्षांत बसवला आहे. पाणी गोठवून त्याचे खांब आणि भिंती करण्याची कल्पना चांगली आहे, कथन सुरक्षित. वी, पीएसपी आणि डीएस यंत्रांवर याच नावाने वेगळ्या कथा निघाल्या. ‘द सँड्स ऑफ टाइम’च्या पुनर्निर्मितीची घोषणा २०२० मध्ये झाली. ते काम आधी युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई स्टुडिओंकडे होते, २०२२ मध्ये ते माँट्रियालकडे गेले.

माँपेलिए स्टुडिओच्या ‘द लॉस्ट क्राउन’ने (जानेवारी २०२४) मालिका पुन्हा द्विमितीत आणली. नायक सर्गोन हा योद्धा आहे, राजपुत्र नव्हे. अपहरण झालेल्या राजपुत्र घस्सानच्या शोधात तो काफ पर्वतावर जातो, जिथे काळ विस्कटला आहे आणि त्याला आपलीच दुसरी रूपे भेटतात. मेल्यास तो वाक-वाक वृक्षापाशी परततो. काळ मागे नेण्याऐवजी येथे आपली प्रतिमा एका जागी सोडून नंतर तिच्या जागी परत जाता येते. चूक घडल्यावर ती पुसण्याऐवजी परतीची जागा आधीच ठरवावी लागते, त्यामुळे सूरही पश्चात्तापाकडून आखणीकडे झुकतो. फारसी संवादांचा पर्यायही यात दिला आहे. त्याच वर्षी मे महिन्यात आरंभिक आवृत्तीत आलेल्या ‘द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया’त प्रत्येक मृत्यूनंतर फेरी पहिल्यापासून सुरू होते, आणि आधीच्या फेरीत मिळालेली माहिती हाताशी धरूनच पुढची कथा उघडत जाते.