मेंदूतले चयापचयाचे उपपदार्थ आणि थकवा

मेंदूच्या पेशी काम करताना जी रसायनं मागे उरतात, म्हणजे अ‍ॅडेनोसिन, ग्लुटामेट, लॅक्टेट, अमोनिया वगैरे, ती साचली किंवा त्यांचा तोल गेला की थकवा येतो असं मानणाऱ्या कल्पनांचा हा गट. एकच एक सिद्धांत नाहीये. शिवाय झोप अनावर होणं वेगळं, डोकं चालेनासं होणं वेगळं आणि पळताना पाय उचलेनासे होणं वेगळं, पण आपण तिन्हीला सरसकट 'दमलो' म्हणतो आणि इथूनच निम्मा घोळ सुरू होतो.

कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या तुरीनच्या आंजेलो मोस्सो या शरीरशास्त्रज्ञाने एर्गोग्राफ नावाचं यंत्र बनवलं, त्यात हात बांधून फक्त मधल्या बोटाने वजन ओढत राहायचं आणि प्रत्येक ओढीची उंची कागदावर उमटायची. तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचं बोट नेहमीपेक्षा लवकर दमतं हे त्याला यात दिसलं, म्हणजे काम केलं डोक्याने आणि दमलं बोट. दमलेल्या कुत्र्याचं रक्त ताज्यातवान्या कुत्र्याला दिलं तर तोही दमल्यासारखा वागतो असंही त्याने नोंदवलंय. यावरून थकवा म्हणजे रक्तात फिरणारं एक विष ही समजूत पक्की झाली. १९०४ च्या आसपास जर्मनीत वाइखार्टने त्या विषाला 'केनोटॉक्सिन' नावही देऊन टाकलं आणि त्यावर उतारा सापडल्याचा दावा केला, तो उतारा शाळेच्या वर्गात फवारून बघण्यापर्यंत मजल गेली होती. पुढे यातलं काहीच टिकलं नाही.

जागरणात मेंदूत झोप आणणारं विष साचतं, या कल्पनेचं श्रेय कुणाचं यावर मात्र अजून दोन मतं आहेत. बहुतेक पाश्चात्त्य ग्रंथ ते पॅरिसच्या लजांद्र आणि पिएराँ या जोडीला देतात, त्यांनी कुत्र्यांना कित्येक दिवस जागं ठेवलं, त्यांच्या मेंदूभोवतीचं पाणी काढून दुसऱ्या कुत्र्यांच्या मेंदूत सोडलं आणि ती कुत्री झोपली, पिएराँचा ग्रंथ १९१३ चा. पण जपानच्या कुनिओमी इशिमोरीने जागरण केलेल्या कुत्र्यांवर जवळपास असाच प्रयोग करून १९०९ मध्येच छापला होता, फक्त जपानी भाषेत असल्यामुळे बाहेर कुणी वाचला नाही. तारखा बघितल्या तर इशिमोरीचं पारडं जड वाटतं, तरी दोन्हीकडे काम साधारण एकाच वेळी चालू होतं असं म्हणणं जास्त सुरक्षित. दोन्ही प्रयोगांत दोष मात्र एकच, जबरदस्तीने जागं ठेवलेला प्राणी नुसता जागा नसतो, तो घाबरलेलाही असतो, मग उतरलं ते नेमकं काय, थकवा का ताण?

हा धागा पुढे हार्वर्डच्या पॅपेनहायमरने १९६० च्या दशकात शेळ्यांवर उचलला. त्याच्या गटाने ज्या झोप आणणाऱ्या घटकाचा इतकी वर्षं पाठलाग केला तो १९८२ मध्ये माणसाच्या लघवीतून वेगळा झाला आणि निघाला म्युरामिल पेप्टाइड, म्हणजे चक्क बॅक्टेरियाच्या भिंतीचा तुकडा. मेंदूचा कचरा शोधायला निघाले आणि हाती लागले जंतू! अर्थात आजारपणात एवढी झोप का येते याचा एक सुगावा त्यातून मिळालाच.

आज सगळ्यात भक्कम पुरावा अ‍ॅडेनोसिनचा. पेशीचं इंधन म्हणजे एटीपी, ते वापरलं जाताना एकेक फॉस्फेट गळत जातो आणि शेवटी उरतं ते अ‍ॅडेनोसिन, म्हणजे किती खर्च झाला याची पावतीच म्हणा. १९५४ मध्ये फेल्डबर्ग आणि शेरवुड यांनी ते मांजरांच्या मेंदूत टोचलं तेव्हा मांजरं झोपली होती. १९९७ मध्ये पोर्का-हाइस्कानेन आणि सहकाऱ्यांनी मांजरांना ६ तास जागं ठेवून मेंदूच्या पुढच्या तळाच्या भागात मोजलं, तर जागेपणी ते चढत गेलं आणि झोपेत सावकाश उतरलं. ते ए-१ रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या रसायन पकडणाऱ्या जागेवर, बसलं की जागं ठेवणाऱ्या पेशी मंदावतात, ए-२ए या दुसऱ्या रिसेप्टरच्या मार्गाने झोपेच्या पेशींना जोर येतो. कॅफीन हे दोन्ही रिसेप्टर अडवून बसतं पण अ‍ॅडेनोसिन काही कमी करत नाही, ते मागे साचतच राहतं, म्हणून कॉफीचा असर उतरला की झोप एकदम अंगावर येते.

डोक्याच्या थकव्यासाठी सध्या ग्लुटामेटची, म्हणजे मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्या रसायनाची, चर्चा जास्त. पॅरिसच्या वीलर आणि पेसिग्लिओन यांच्या गटाने २०२२ मध्ये लोकांना ६ तासांच्या वर स्क्रीनवरच्या अक्षरांचं काम दिलं, अक्षराच्या रंगावरून कधी स्वर का व्यंजन सांगायचं तर कधी लहान लिपी का मोठी, एका गटाला नियम सारखा बदलायचा आणि दुसऱ्याला क्वचित. मधूनमधून एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे एमआरआय यंत्रातून रसायनं मोजायच्या तंत्राने, मेंदू मोजला. अवघड कामवाल्यांच्या कपाळामागच्या भागात ग्लुटामेट वाढलेलं दिसलं आणि ते लोक 'थोडे पैसे पण लगेच, बिनकष्टाचे' असा पर्याय जास्त निवडायला लागले. गंमत अशी की 'किती दमलात' विचारल्यावर दोन्ही गटांची उत्तरं सारखीच होती, फरक दिसला तो निवडीत. लेखकांचं म्हणणं असं की हे ग्लुटामेट आवरायला मेंदूला महाग पडतं म्हणून तो अवघड काम टाळतो. हे पटण्यासारखं आहे, पण या तंत्राने पेशीच्या आतलं आणि बाहेरचं ग्लुटामेट नीट वेगळं करता येत नाही, त्यामुळे 'विष साचलं' असं म्हणायची घाई नको.

साखर संपते म्हणून डोकं दमतं हे मात्र फारसं खरं नाही. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के आणि ऊर्जा खातो २० टक्के, पण ती तो रिकामा बसूनही खातो, अवघड विचाराने त्यात पडणारी भर अगदी किरकोळ असते. लॅक्टेटवरचा आरोपही असाच ढिला पडलाय, कारण १९९४ मध्ये पेलेरिन आणि माजिस्ट्रेट्टी यांनी मांडलं की अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी लॅक्टेट बनवून न्यूरॉनला, म्हणजे निरोप नेणाऱ्या पेशींना, इंधन म्हणून देतात. ते मत सगळ्यांना मान्य नाही, पण मेंदू लॅक्टेट जाळतो यावर वाद नाही.

कचरा बाहेर कसा जातो यावर मोठा वाद चालू आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की झोपेत पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी रुंदावते आणि सफाई वेगाने होते. 'झोप म्हणजे मेंदूची धुलाई' हे वाक्य तेव्हापासून सगळीकडे फिरतंय, पण २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाला उंदरांतच उलटं दिसलं, झोपेत आणि भूल दिल्यावर सफाई मंदावते. मोजायची पद्धत वेगळी होती, दोन्ही बाजू आपापल्या मतावर ठाम आहेत.

अमोनियाचं चित्र जास्त स्पष्ट आहे ते आजारात. लिव्हर निकामी झालं की रक्तातला अमोनिया मेंदूत शिरतो, अ‍ॅस्ट्रोसाइट तो ग्लुटामेटला जोडून ग्लुटामिन बनवतात आणि त्या पेशी फुगतात, मग पेशंट दिवसा पेंगतो आणि रात्री टक्क जागा राहतो, हात पुढे धरायला सांगितले की पंजे फडफडतात. खूप वेळ जोरदार व्यायाम केल्यावरही रक्तात अमोनिया वाढतो.