गाडी उलटली की उलटवली?
भाषांतराला कागद देण्याआधी वाचावे

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की आमच्या टेबलावर पलटी झालेल्या पिकअपचे कागद येऊ लागतात. कधी कसारा घाट, कधी पिंपळगावच्या पुढे. विम्यासाठी घटनेचे पत्र इंग्रजीत हवे असते. बहुतेक जण ते मोबाइलवर भाषांतर करून आणतात आणि म्हणतात, "फक्त टाइप करून द्या." टाइप करून देतो, पण त्यातला 'ओव्हरटर्न' तपासल्याशिवाय नाही. यावरून काउंटरवर रोज हुज्जत होते, म्हणून हे पत्रक.

गाडी 'उलटली' आणि 'उलटवली' यातला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीत दोन्हीला ओव्हरटर्न हेच क्रियापद. 'द पिकअप ओव्हरटर्न्ड' म्हणजे पिकअप उलटली. मध्ये 'वॉज' घातला की ती कोणीतरी उलटवली, असाही अर्थ निघतो. घोळ होतो तो आपल्या 'पलटी झाली'मुळे. 'झाली' दिसले की हात आपोआप 'वॉज' लिहितो, शाळेपासूनची सवय. मागच्या हंगामात एका बागायतदाराचे पत्र असेच परत आले. पंचनाम्यात 'वळणावर पलटी झाली', पत्रात 'वॉज ओव्हरटर्न्ड'. विचारणा आली : कोणी उलटवली, तक्रार दिली का? ते पत्र त्यांनी बाहेर टाइप करून घेतले होते, दुरुस्तीला मात्र आमच्याकडे आले.

गाडी कुशीवर आडवी झाली की चाके वर, हेही आम्ही विचारतो. ओव्हरटर्न दोन्हीला चालतो, म्हणून कोणत्या बाजूवर पडली ते वेगळे लिहावे लागते. त्यासाठी पंचनाम्याची प्रत आणि फोटो सोबत आणा. चौकशा करतो म्हणून रागावू नका, पत्रावर सही तुमची असते.

मोबाइल कधी 'कॅप्साइज' सुचवतो. ते बोटीचे, गंगापूर धरणात ठीक, घाटात नाही. क्रेटची थप्पी कोसळली तर 'टॉपल'. आणि 'टर्नओव्हर' जोडून लिहिले की झाली उलाढाल! एका पत्रात गाडीचा वळणावर टर्नओव्हर झाला होता.

कोर्टाच्या कागदांचे वेगळे. वरच्या कोर्टाने खालचा निकाल फिरवला, याला वर्तमानपत्रे ओव्हरटर्न म्हणतात. आम्ही आदेशाची भाषा पाहून 'रिव्हर्स' किंवा 'सेट असाइड' घालतो. 'ओव्हररूल' त्याहून निराळा, वकिलांना विचारल्याशिवाय तो आम्ही लिहीत नाही.

दोन पानांपर्यंतचे पत्र दुपारी बारापूर्वी दिल्यास संध्याकाळी मिळेल. आमच्या हातून चूक झाली तर दुरुस्तीचे पैसे नाहीत. फक्त आम्ही काढलेला 'वॉज' घरी जाऊन पेनने परत घालू नये. दोघांनी घातला आहे.