‘म्हाताऱ्या घोड्या’चा करार

बेसबॉलमध्ये एका हंगामात सर्वाधिक विजय मिळवणारा पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारा; संघाचा विजय त्याच्या नावावर लिहितात) म्हणून आजही चार्ल्स ‘ओल्ड हॉस’, म्हणजे ‘म्हातारा घोडा’, रॅडबर्नचंच नाव घेतात. साल १८८४. विजय ५९ की ६०, यावर अजून वाद घालतात. एका सामन्यात तो मधूनच पिचिंगला आला होता. तेव्हाच्या गुणलेखकाने विजय त्याच्या खाती टाकला; आजच्या नियमाने तो आधीच्या पिचरचा. मला या आकड्यापेक्षा त्यामागचा सौदा जास्त महत्त्वाचा वाटतो.

रॅडबर्न खाटकाचा मुलगा, इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनमध्ये वाढलेला. १८८१ पासून तो प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघाकडे होता. त्या काळी हा संघ ज्या स्पर्धेत खेळे त्या नॅशनल लीगच्या संघमालकांनी ‘रिझर्व्ह’ची अट घातली होती: करार संपला तरी खेळाडू जुन्याच संघाला बांधलेला. पगार ठरवणार मालक, घासाघीस करायला जागा नाही.

१८८४ च्या जुलैत संघाने रॅडबर्नलाच निलंबित केलं. मुद्दाम वाईट पिचिंग केल्याचा ठपका. काही दिवसांत दुसरा पिचर चार्ली स्वीनी दारूच्या नशेत मैदान सोडून गेला. संघ गुंडाळायची वेळ आली. व्यवस्थापक फ्रँक बँक्रॉफ्टने रॅडबर्नला बोलावलं. त्याने अट टाकली: उरलेला हंगाम मी ओढतो, पण पगार वाढवा आणि शेवटी मला मोकळं करा.

मग तो जवळपास रोजच खेळला. हंगामभरात ६७८ हून जास्त इनिंग्ज, म्हणजे नऊ-नऊ इनिंग्जचे पंचाहत्तर सामने. सकाळी केस विंचरायलाही हात वर जात नसे, असं सांगतात. आधी जेमतेम काही फुटांवरून हलके चेंडू टाकायचे, खांदा सैल झाला की मागे मागे सरकत जायचं. (तेव्हा पिचर ५० फुटांवरून टाकत, आजचं ६० फूट ६ इंच अंतर १८९३ पासूनचं.) प्रॉव्हिडन्सने लीग जिंकली, आणि दुसऱ्या लीगचा विजेता न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्स याच्याविरुद्धच्या मालिकेतले तिन्ही सामनेही त्याच्याच हातावर.

गंमत म्हणजे १८८५ लाही तो प्रॉव्हिडन्सकडूनच खेळला. रिझर्व्हच्या अटीविरुद्ध खेळाडूंनी १८९० मध्ये स्वतःची लीग काढली, तेव्हा मात्र तो बोस्टनच्या संघातून त्यात उतरला. ती लीग एकच वर्ष चालली.

१८९१ नंतर त्याने ब्लूमिंग्टनला बिलियर्ड्सचा गुत्ता चालवला. शिकारीतल्या अपघातात एक डोळा गेला, चेहरा विद्रूप झाला. १८९७ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी तो वारला. शेवटी शेवटी तो गुत्त्याच्या मागच्या खोलीतच बसून असे. गिऱ्हाइकांसमोर येत नसे.