कॅम्पिंगला घरचं सरपण का न्यायचं नाही

मिशिगन राज्याचे दोन भूभाग मॅकिनॉ पुलाने जोडले आहेत. दक्षिणेकडून उत्तरेच्या जंगलात निघालेल्या प्रवाशांकडचं सरपण या पुलावर काढून घेतलं जात असे. २००८ मध्ये असे जमा झालेले १,०४५ तुकडे शास्त्रज्ञांनी तपासले. २३ टक्के तुकड्यांत लाकूड पोखरणारे किडे जिवंत होते. आणखी ४१ टक्के तुकड्यांत ते पूर्वी राहून गेल्याच्या खुणा होत्या. म्हणजे साध्या सहलीला निघालेल्या लोकांच्या गाड्यांमधल्या दर चार-पाच लाकडांपैकी एकात किडा चालत्या गाडीतून प्रवास करत होता.

अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडवर ‘लाकूड कुठून आणलंत?’ असं विचारतात ते याचसाठी. न्यू जर्सीत राहणारं मराठी कुटुंब शनिवार-रविवारी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल्स डोंगरात तंबू ठोकायला निघालं आणि परसातल्या झाडाचे ओंडके डिकीत टाकून गेलं, तर राज्याची हद्द ओलांडताक्षणी नियम मोडला जातो. प्रक्रिया न केलेलं सरपण न्यूयॉर्कमध्ये बाहेरून आणायला बंदी आहे. हा नियम नुसता कागदी नाही. त्यामागे झाडांची मोठी हानी आहे.

त्या हानीचा सर्वांत मोठा वाटेकरी म्हणजे एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा, धातूसारखा चमकणारा, जेमतेम सव्वा सेंटीमीटर लांबीचा भुंगेरा. मूळचा चीन-कोरियाकडचा हा किडा बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आला आणि २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला. मादी ॲश झाडाच्या सालीच्या फटींत अंडी घालते. अळी आत शिरते आणि सालीच्या लगेच खालचा मऊ थर नागमोडी पोखरत जाते. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणारा हाच थर. अळ्या वाढत गेल्या की त्यांच्या वाटा एकमेकींना भिडतात, खोडाभोवती जणू कडं पडतं आणि अन्नाचा प्रवाह तुटतो. लक्षणं दिसू लागल्यावर झाड बहुतेकदा दोन ते चार वर्षांत मरतं. पूर्ण वाढलेला भुंगेरा साल फोडून बाहेर येतो, तेव्हा तीन-चार मिलिमीटरचं, एका बाजूला सपाट असलेलं अर्धवर्तुळाकार छिद्र मागे राहतं. ही त्याची पक्की खूण.

या किड्याने आजवर कोट्यवधी ॲश झाडं मारली आहेत. एल्म झाडांवर डच एल्म रोग आला तेव्हा अनेक शहरांनी रस्त्याकडेला ॲश लावले होते, तेही गेले. ओजिब्वे, मोहॉक अशा मूलनिवासी समाजांची टोपल्या विणण्याची परंपरा काळ्या ॲशच्या पट्ट्यांवर उभी आहे. तिथे हे नुकसान केवळ झाडांपुरतं राहत नाही.

भुंगेऱ्याची स्वतःची झेप मात्र छोटी. उडत उडत तो वर्षाला साधारण काही किलोमीटरच पुढे सरकतो. शुक्रवारी संध्याकाळी निघालेली गाडी एका रात्रीत पाचशे किलोमीटर जाते. २०१३ मध्ये तो कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात सापडला, तेव्हा त्याचा सर्वांत जवळचा ज्ञात अड्डा शेकडो किलोमीटर लांब होता. मधलं अंतर त्याने पंखांच्या बळावर कापलेलं नाही.

सरपणातून येणारा हा एकटाच पाहुणा नाही. १९९६ मध्ये ब्रुकलिनमध्ये सापडलेला आशियाई लांबशिंगी भुंगेरा मेपलच्या थेट गाभ्यात शिरतो. कोकणात आंब्याचं खोड पोखरणारा भिरूड याच कुळातला, म्हणून बागायतदारांना त्याची करामत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर परिसरात या लांबशिंगी भुंगेऱ्याला आवरण्यासाठी तीस हजारांहून जास्त झाडं तोडावी लागली. ओक विल्ट ही बुरशी मेलेल्या ओकच्या सालीखाली चटईसारखी वाढते, तिच्या गोडसर वासाने छोटे भुंगेरे येतात आणि बीजाणू अंगावर घेऊन ताज्या जखमा झालेल्या ओकवर जाऊन बसतात. स्पॉटेड लँटर्नफ्लाय या झाडांचा रस शोषणाऱ्या किड्याची मादी ३० ते ५० अंडी घालून त्यांवर राखाडी लेप देते. तो लेप वाळला की लाकडावर चिखल उडाल्यासारखा दिसतो आणि कोणाच्याही नजरेतून सुटतो.

‘पण आमचं लाकूड तर याच देशातलं आहे,’ हा युक्तिवादही टिकत नाही. ओक पोखरणारा सोनेरी ठिपक्यांचा एक भुंगेरा ॲरिझोनाचाच रहिवासी. तिथे तो फारसा उपद्रव करत नव्हता. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो परगण्यात तो बहुधा सरपणातूनच पोहोचला आणि तिथल्या ओकांना त्याच्याशी झुंजण्याची सवयच नव्हती. हजारो जुनी झाडं गेली.

म्हणून नियमांचा गाभा अंतर हा आहे. न्यूयॉर्कमध्ये प्रक्रिया न केलेलं सरपण मूळ जागेपासून ५० मैलांच्या, म्हणजे ८० किलोमीटरच्या आतच नेता येतं. विकत घेतलं असेल तर ते कुठलं आहे हे दाखवणारी पावती लागते. स्वतःचं झाड असेल तर उगमाचा स्वयंघोषित दाखला भरून जवळ ठेवावा लागतो. विस्कॉन्सिनच्या सरकारी उद्यानांत मर्यादा फक्त १० मैलांची आहे. त्यापलीकडचं लाकूड प्रमाणित असेल तरच चालतं. आमच्या मते दहा मैलांचा नियम जास्त शहाणपणाचा, कारण ८० किलोमीटरमध्ये स्वच्छ जंगल आणि किडलेलं जंगल दोन्ही बसू शकतात. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाने २०१५ पासून अंतराचा प्रश्नच काढून टाकला. बाहेरून येणारं लाकूड उष्णताप्रक्रिया केलेलं आणि तसा शिक्का असलेलंच हवं.

ही प्रक्रिया म्हणजे काय? न्यूयॉर्कच्या मापदंडानुसार लाकडाच्या गाभ्याचं तापमान ७१ अंश सेल्सिअसला सलग ७५ मिनिटं राहायला हवं. भट्टीतली हवा तापली म्हणजे गाभा तापला असं नसतं. लाकूड उष्णता फार हळू आत जाऊ देतं, म्हणून तापमापकाची सळी जाड तुकड्याच्या आतपर्यंत घालतात. निर्यातीच्या लाकडी पॅलेटना (माल रचायच्या फळ्यांच्या चौकटींना) मात्र ५६ अंश आणि ३० मिनिटं पुरतात. पण पॅलेटचं लाकूड आधी सोललेलं असतं. सरपणाला साल तशीच असते आणि किडे राहतात ते सालीखालीच.

इथे खरेदीत एक चूक फार होते. वेष्टनावर ‘किल्न ड्राइड’ असं लिहिलेलं असतं आणि लोक ते उष्णताप्रक्रिया केलेलं समजून घेतात. भट्टीत वाळवण्याचा हेतू ओलावा कमी करण्याचा असतो. त्यात गाभा ठरावीक वेळ ठरावीक तापमानाला राहिलाच असेल असं नाही. वेष्टनावर उष्णताप्रक्रियेचा स्पष्ट उल्लेख आणि राज्याच्या किंवा केंद्रीय कृषी खात्याचा शिक्का शोधा. तो नसेल तर ते कच्चं लाकूडच माना.

घरी वर्षभर उन्हात वाळवलेल्या लाकडाचंही तसंच. ॲशच्या ओंडक्यातून तोडणीनंतर दुसऱ्या वर्षीही भुंगेरे निघालेले आहेत. दुकानात विकायला ठेवलेल्या मोळ्यांवरच्या एका अभ्यासात ४७ टक्के मोळ्यांतून किडे बाहेर पडले, काही तर खरेदीनंतर ५५८ दिवसांनी. वरून लाकूड कोरडं, स्वच्छ आणि टणक दिसतं म्हणून आत काही नाही असं कुणालाच, अगदी तज्ज्ञालाही, सांगता येत नाही.

‘शेवटी जाळणारच आहोत ना?’ असंही विचारलं जातं. पण जळण्याआधी ती मोळी दोन दिवस झाडाखाली पडून असते. सालीचे ढलपे गळतात, डिकीत भुसा सांडतो. पाऊस आला की शेकोटी होतच नाही आणि उरलेलं लाकूड पुढच्या माणसासाठी ठेवून लोक निघून जातात. किडा पसरायला एवढं पुरतं.

जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने ॲश बोररसाठीचं राष्ट्रीय विलगीकरण, म्हणजे किडलेल्या भागातून ॲशचं लाकूड बाहेर नेण्यावरचे केंद्रीय निर्बंध, उठवलं. किडा तोवर ३५ राज्यांत पोहोचला होता आणि त्याला खाणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांवर भर द्यायचं ठरलं. त्यावरून सरपणाची बंदीच संपली असं अनेकांनी गृहीत धरलं. राज्यांचे आणि उद्यानांचे नियम कायम आहेत. निघण्यापूर्वी राज्याचा आणि त्या कॅम्पग्राउंडचा, असे दोन्ही नियम पाहावे लागतात.

तर लाकूड मुक्कामाच्या जागीच किंवा शेजारच्या गावात घ्या. नेहमीची मोळी पाऊण घनफुटाची असते, ती साधारण दोनेक तास जळते. स्वयंपाकासह एका संध्याकाळीला दोन मोळ्या पुरतात. जमिनीवर पडलेल्या सुक्या फांद्या गोळा करायला काही उद्यानांत परवानगी असते, काहींत नाही, म्हणून आधी विचारा. जुन्या पॅलेट नेऊ नका. राखेत राहिलेले खिळे पायात आणि टायरमध्ये घुसतात. रंगवलेलं किंवा रसायन मुरवलेलं लाकूड तर शेकोटीत टाकूच नका. जुन्या मुरवलेल्या फळ्यांच्या धुरात आणि राखेत आर्सेनिक असतं.

नकळत घरचं लाकूड नेलंच असेल, तर ते परत घेऊन येऊ नका आणि झाडीतही फेकू नका. तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. तो सांगेल तसं ते त्याच्या ताब्यात द्या किंवा पहिल्याच रात्री सगळं जाळा. गळलेली साल आणि डिकी झाडून निघालेला भुसाही त्याच आगीत टाका. लाकडावर अर्धवर्तुळाकार छिद्रं किंवा पेन्सिल जाईल एवढी गोल भोकं दिसली, तर जाळण्यापूर्वी शेजारी नाणं ठेवून फोटो काढा आणि जागेच्या नोंदीसह राज्याच्या कृषी खात्याला पाठवा.