पुण्याच्या जुन्या वृत्तपत्रांतले आकाश

एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याच्या वृत्तपत्रांत आकाश शिरले ते पंचांगाच्या वादातून. शनीची कडी, आकाशगंगा, ताऱ्यांचे रंग ही हौस पुढची. त्या काळी लोकांना हवे होते ते एवढेच: संक्रांत कोणत्या दिवशी, अधिक मास कोणता, ग्रहण किती वाजता लागणार आणि कधी सुटणार. हा वाद माहीत नसताना त्या काळातली ग्रहणाची एखादी बातमी वाचली, तर तिच्यातला अर्धा जोर कळतच नाही.

मूळ अडचण गणिताची होती. महाराष्ट्रातली पंचांगे पिढ्यान् पिढ्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून तयार होत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, तो रचला. ज्या-चापांची, म्हणजे त्रिकोणमितीची, किचकट आकडेमोड टाळून ग्रहांची स्थाने काढता यावीत अशी त्याने सोय केली, आणि म्हणूनच गावोगावच्या जोशीबुवांच्या हाती तो ग्रंथ टिकला. पण तीनशे वर्षांत लहान लहान चुका साठत जातात. पंचांगातली वेळ आणि डोळ्यांना दिसणारी वेळ यांत अंतर पडू लागले. ग्रहण तर सगळ्या गावासमोर लागते. तिथे चूक झाकून राहत नाही.

हे अंतर मनावर घेतले केरो लक्ष्मण छत्रे यांनी. केरूनाना तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले आणि पुढे पुण्यात गणिताचे नामांकित प्राध्यापक झालेले. १८६० साली त्यांचे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक निघाले. युरोपीय वेधांचा आधार घेऊन मराठीत ग्रहगणित करण्याची सोय त्याने झाली. १८६५ पासून त्यांच्या गणिताचे नवे पंचांग छापले जाऊ लागले आणि आश्रयदात्याच्या नावावरून ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. त्यामागचे तत्त्व होते दृक्प्रत्यय: गणिताने जे येते ते आकाशात दिसले पाहिजे.

एवढ्यावर थांबले असते तर भांडण लवकर मिटले असते. पण राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा, हा दुसरा आणि जास्त नाजूक प्रश्न होता. केरूनानांनी रेवती नक्षत्रातला एक मंद तारा आरंभबिंदू धरला. हा तारा मीन राशीत आहे आणि शहराच्या उजेडात तो शोधावा लागतो. जुन्या पंचांगांच्या आरंभबिंदूपासून त्याचे अंतर सुमारे ४ अंश. सूर्य दिवसाला साधारण १ अंश सरकतो, तेव्हा संक्रांत, म्हणजे सूर्याचा नव्या राशीतला प्रवेश, चार दिवस आधी येणार. एरवी १४ जानेवारीच्या आसपास येणारी मकरसंक्रांत या पद्धतीने १० जानेवारीला येते. चार दिवसांचे एक वेळ चालून गेले असते, पण अधिक मास संक्रांतीवर ठरतो. ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक. संक्रांत चार दिवस सरकली की काही वर्षी अधिक महिनाच वेगळा येतो आणि एका घरातली गणेश चतुर्थी शेजारच्या घराच्या महिनाभर आधी पडते. एका मंद ताऱ्यावरून घराघरांत मतभेद झाले ते असे.

हा वाद शास्त्र्यांच्या सभेत न राहता छापखान्यात आला, याचे कारण पुण्यात त्यासाठी जागा तयार होती. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून निघत होता, १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ सुरू झाला. टिळक स्वतः गणिताचे, डेक्कन कॉलेजात केरूनानांच्या हाताखाली शिकलेले. पंचांगशोधनावर त्यांनी ‘केसरी’त लिहिले, १९०४ च्या मुंबईच्या पंचांग परिषदेत भाग घेतला. रेवतीचा पक्ष धरणारे पंचांग आज ‘टिळक पंचांग’ या नावाने ओळखले जाते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा ग्रंथही याच वातावरणातला, १८९६ सालचा. या लोकांचा मला मनापासून आदर वाटतो तो एवढ्यासाठी, की सामान्य वाचकाला अयनांश, म्हणजे वसंतातल्या समान दिवसरात्रीच्या बिंदूपासून राशिचक्राच्या आरंभापर्यंतचे अंतर, समजणार नाहीत असे त्यांनी कधी गृहीत धरले नाही.

टिळकांचा ‘ओरायन’ १८९३ चा. वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान असताना सूर्य जिथे असतो तो बिंदू, एके काळी मृगशीर्षात होता, यावरून वेदांचा काळ इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांच्या आसपास जातो, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सर्वांनी मान्य केला नाही. पण राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी जो अर्ज गेला त्यावर वेदांचा युरोपीय अभ्यासक मॅक्समुल्लर याची सही होती, आणि त्याच्या मनातला आदर होता तो या पुस्तकामुळे.

टिळक तुरुंगातच होते तेव्हा महाराष्ट्रावरून खग्रास सूर्यग्रहण गेले. शके १८१९, पौष अमावास्या, शनिवार. इंग्रजी तारीख २२ जानेवारी १८९८. भर दुपारचे ग्रहण. पुण्याला ते खंडग्रास होते. खग्रासाचा पट्टा विजयदुर्गाकडून कऱ्हाडच्या बाजूने सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरकडे गेला. जेऊर रेल्वेवरचे स्टेशन असल्याने जड उपकरणे नेणे सोपे होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल तिथेच उतरले होते, आणि पुण्याहून गेले होते कावसजी दादाभाई नायगमवाला.

नायगमवालांचे नाव पुण्यात आज फारसे कोणी घेत नाही, आणि याची मला खंत आहे. कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीच्या आवारात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण तिथे होती, देशातली त्या वेळची सर्वांत मोठी. वर्णपटाचा अभ्यास हे तिचे मुख्य काम. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे ती भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाऊ लागली.

याच ग्रहणाबद्दल वृत्तपत्रांत आजही एक चूक फिरते. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे दर ऑगस्टमध्ये छापून येते. लॉकयर विजयदुर्गाला आले ते १८९८ साली. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यांना दिसली ती १८६८ च्या ऑक्टोबरात, इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण भारतातूनच दिसले हे खरे, पण तेव्हा गुंटूरला वेध घेणारे होते फ्रान्सचे जान्सेन. विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे लॉकयर यांच्या उपकरणांसाठीचे चौथरे, तीस वर्षांनंतरचे आहेत.

पावसाळ्यातले आकाश हा वेगळाच प्रकार. मृग लागला, आर्द्रा कोरड्या गेल्या, यंदाचे वाहन बेडूक की उंदीर, हे वृत्तपत्रांनी नेमाने छापले. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ हे वाचकाला तोंडपाठ. पण ही नक्षत्रे सूर्याची आहेत. जूनमध्ये सूर्यच मृगात असतो, त्यामुळे मृग रात्री दिसत नाही. तो पाहायचा तर थंडीत, जानेवारीच्या रात्री, डोक्यावर. नाव सर्वांना माहीत आणि तारे ओळखता येत नाहीत, ही तफावत या रकान्यांनी कधी भरून काढली नाही.

ती भरून काढली पुढच्या पिढीने. १९२८ साली ‘सृष्टिज्ञान’ मासिक पुण्यातून निघाले, १९४४ च्या ऑगस्टमध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. तेव्हापासून पाहण्यासाठीचे आकाश, म्हणजे या महिन्यात कोणता ग्रह कोणत्या दिशेला, हे मराठीत रुळत गेले. पंचांगाचा धागा मात्र तुटला नाही. १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली सरकारने पंचांग सुधारणा समिती नेमली, तिच्या सभासदांत ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते. वृत्तपत्राचा संपादक खगोलगणिताच्या समितीवर असणे आज आश्चर्याचे वाटेल. पुण्याच्या परंपरेत ते साहजिक होते.

जुने अंक चाळणाऱ्याने म्हणून एक काळजी घ्यावी. तिथीवरून इंग्रजी तारीख काढताना लेखकाने कोणते पंचांग धरले आहे ते आधी पाहावे, विशेषतः अधिक मासाच्या वर्षी. नाहीतर धूमकेतू किंवा ग्रहणाची नोंद एक महिना मागेपुढे होते. ग्रहण असेल तर पडताळा सोपा: सूर्यग्रहण अमावास्येलाच, चंद्रग्रहण पौर्णिमेलाच, आणि दोन्हींच्या तारखा आज मिनिटापर्यंत मागे मोजता येतात.